डावी आणि वरची रेष

रात्री सव्वादोनला मशीनने
आकड्याच्या जागी तीन चांदण्या छापल्या
आणि ते गप्प झालं.

मी कपाटातून काचेचं चेंबर काढलं,
पुसलं, दिव्यासमोर धरलं, पुन्हा पुसलं.
बाबांच्या काउंटरवर शून्य आणलं.
हा काउंटर मुळात गुरांचा.
कुरणाच्या फाटकाशी उभे राहून बाबा
दुसऱ्याच्या मालकीची जनावरं मोजायचे,
शेपूट पार झालं की एक टिचकी.
निजताना अंगठा गार पाण्यात बुडवून बसायचे.

पेद्रो हुआन कबायेरोत सीमा म्हणजे एक रस्ता.
अलीकडे पराग्वे, पलीकडे ब्राझील,
मध्ये गवताचा पट्टा, चपलांची दुकानं,
दोन्हीकडे भुंकणारी कुत्री.
डास तर विचारतही नाहीत.

डेर्लिस, वय सात. घर पलीकडे, शाळा अलीकडे.
तापाचा पाचवा दिवस. हिरड्यांतून रक्त.
जांभळ्या टोपणाची नळी
माझ्या मुठीत अजून कोमट.

एक भाग रक्त, शंभरापर्यंत पातळ.
ऑक्झलेटमध्ये तांबड्या पेशी विरून जातात,
लाल मातीच्या या गावात
तेवढी एकच गोष्ट लाल उरत नाही.
मग ओल्या कागदावर, झाकणाखाली, पंधरा मिनिटं.
बिंबिकांना तळाशी बसू द्यायचं असतं.
घाईत मोजलं तर माणूस
कागदावर उगाच मरायला टेकतो.

डॉक्टर गाओना दोनदा फोन करतात.
"आकडा?"
"अजून बसताहेत."
"कोण?"
मी फोन ठेवते.

पंचवीस चौकटी.
राखाडी उजेडात राखाडी ठिपके,
धुळीहून जरासे प्रामाणिक.
धूळ नुसती पडून असते,
बिंबिका जागच्या जागी थरथरते,
कडेला किंचित चमकते.
सुनिल्दाबाईंनी शिकवलेला नियम:
डाव्या आणि वरच्या रेषेवरची आपली,
उजव्या आणि खालच्या रेषेवरची शेजाऱ्याची.
नाहीतर एकच जण दोनदा मोजला जातो
किंवा एकदाही नाही.
दिवसा त्या रस्त्यावरून जाताना
हा नियम मला आठवतो, आणि मी तो विसरायचं ठरवते.

एका बाजूला एकोणीस, दुसऱ्या बाजूला तेहतीस.
दोन बाजू इतक्या भांडत असतील
तर धुवायचं आणि नव्यानं भरायचं.
पुन्हा पंधरा मिनिटं.

बाकावर त्याची आई, निमिया.
थर्मासमधला बर्फ वितळलेला,
तेरेरेचा पेला हातात नुसताच.
ती दाराशी आली. आत यायला मनाई आहे.
"हाताने मोजता?"
"डोळ्यांनी. हात फक्त टिचकी मारतो."
"मी बघू?"

चोवीस. सव्वीस.
पंचवीस हजार लिहिलं, फोन केला,
पलीकडून पहिल्यांदाच कोणी श्वास सोडला.
काल अकरा होते.
उद्याचं मला माहीत नाही.

मग मी स्टूल सोडलं.
ती वाकली. कपाळाचा घाम भिंगाला लागला.
"काहीच नाही."
"थांबा. डोळ्याला सवय होऊ दे."
बाहेर एक मालट्रक सीमा ओलांडून गेला,
टेबल हललं, थांबलं.
"एक आहे," ती म्हणाली. "हलतंय."
"हो."
"त्याचंच?"
"त्याचंच."

आणि ती ग्वारानीत मोजायला लागली,
पेतेई, मोकोई, म्बोहापी,
लेकराला झोपवतानाच्या आवाजात,
डावीकडचे, उजवीकडचे,
वरच्या रेषेवरचे, खालच्या रेषेवरचे,
चौकटीबाहेर भटकलेलेसुद्धा.

नियम मी सांगितला नाही.
काउंटर खिशात टाकला,
रजिस्टरमध्ये पद्धत या रकान्यात लिहिलं:
हाताने.